चार वेळा वाचलं, तरी पेपरात का आठवत नाही?

प्रश्न : मी भेस्तानला राहतो. शाळा महापालिकेच्या मराठी शाळेत झाली. आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पेपर गुजरातीत लिहितो. वडील यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात, घर एका खोलीचं आहे. अभ्यासाचा कंटाळा मला नाही. प्रत्येक धडा चार-चार वेळा वाचतो, महत्त्वाच्या ओळी रंगवतो, वाचताना सगळं समजतं. पेपर हातात आला की मात्र डोकं कोरं होतं. गेल्या सत्रात एक विषय राहिला. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?
– एक वाचक, भेस्तान, सुरत

उत्तर : बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणून ‘तू’ म्हणतो. तुझी स्मरणशक्ती ठीक आहे. तिच्याकडून तू जे काम करून घेतोस आणि परीक्षा जे काम मागते, ती दोन वेगळी कामं आहेत.

उधना आणि सचिन यांच्यामधल्या तुझ्या भेस्तान स्टेशनावर रोज त्याच गाडीला येणारा एखादा अनोळखी माणूस असेलच. तो दिसला की लगेच ओळखतोस. आता तो समोर नसताना सांग बरं, त्याला चष्मा आहे का? घड्याळ कुठल्या हाताला आहे? शंभर वेळा पाहिलेला चेहरा, तरी अडखळशील. पाहून ओळखणं सोपं असतं, न पाहता सांगणं अवघड असतं. धडा चौथ्यांदा वाचताना ‘हे तर येतं मला’ असं वाटतं, ती नुसती ओळख असते. पेपरात पुस्तक समोर नसतं. तिथे न पाहता सांगायचं असतं आणि त्याचा सराव तू एकदाही केलेला नसतोस.

हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे अभ्यासाला दिले. त्यांचा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने चार सत्रं फक्त वाचन केलं. त्या वेळात उतारा सरासरी १४ वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचलं, म्हणजे तीन-साडेतीन वेळा, आणि उरलेली तीन सत्रं उतारा न पाहता आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि लिहून पाहणाऱ्यांकडे ६१ टक्के. या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. आठवड्याने आपल्याला किती आठवेल, असा अंदाज सगळ्यांना विचारला होता. जास्त खात्री होती ती नुसतं वाचणाऱ्यांना! तुझी फसगत नेमकी हीच आहे. ज्या पद्धतीने मनाला सर्वांत जास्त धीर येतो, ती आठवड्यात सर्वांत जास्त गळते.

ओळी रंगवण्याचंही तेच. डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात ओळी अधोरेखित करणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं खालच्या रांगेत गेलं. वरच्या रांगेत दोनच पद्धती बसल्या : स्वतःची परीक्षा घेणं, आणि अभ्यास अंतरा-अंतराने वाटून करणं.

आपल्याकडे हे दोन्ही होतं. दिवेलागणीला देवापुढे बसवून परवचा म्हणून घ्यायचे ना, तीच ही गोष्ट. पुस्तक दप्तरात, पाढे तोंडात, आणि मध्येच आजी विचारणार, ‘सतरा साते?’ ते रोज संध्याकाळी, महिनोन् महिने. पाठांतराला आपण पुढे घोकंपट्टी म्हणून नावं ठेवली, त्यातली काही रास्तही होती, कारण अर्थ न कळता घोकलेलं दुसरीकडे वापरता येत नाही. पण परवच्यातली न पाहता म्हणण्याची सवय कॉलेजात गेल्यावर आपण सोडून दिली, हे चुकलं.

आता तुझ्या विषयाकडे येतो. धडा एकदा नीट, समजून वाच. पुस्तक मिट. कोरा कागद घे आणि आठवेल ते लिही. मुद्दे, व्याख्या, आकृती, काहीही. दहा मिनिटांनी पुस्तक उघड आणि जे सुटलं तेवढंच पुन्हा वाच. पहिल्या दिवशी अर्धा कागदही भरणार नाही आणि वाईट वाटेल. तरी लिहीत राहा. आठवताना जो ताण पडतो, त्यातच ती गोष्ट पक्की होते. तोच धडा दोन-तीन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. मध्ये थोडं विसरायला झालं पाहिजे, म्हणजे आठवायला कष्ट पडतील. विसरण्याचा वेग पहिल्या तासांत आणि पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं. म्हणून पहिली उजळणी दोन-तीन दिवसांपलीकडे लांबवू नकोस.

हिशेबशास्त्राला एक जास्तीची गोष्ट लागते. घसाऱ्याची वीस उदाहरणं सलग सोडवली की विसावं हातासरशी सुटतं, कारण ते घसाऱ्याचं आहे हे आधीच ठाऊक असतं. पेपरात हे कुणी सांगत नाही. रोहरर आणि टेलर यांनी हे कॉलेजच्या विद्यार्थ्यांना गणिताची उदाहरणं देऊन करून पाहिलं; त्यांचा अहवाल २००७ सालचा. एकेका प्रकाराची उदाहरणं सलग सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के जमलं, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत २० टक्के. प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांना सरावात ६० टक्केच जमलं, पण चाचणीत ६३. तेव्हा घसारा, भागीदारी, ताळेबंद यांतली उदाहरणं पत्त्यांची गड्डी पिसल्यासारखी मिसळून सोडव. उत्तराचं पान झाकलेलं असू दे.

तुझ्या पत्रातली भाषेची अडचण मला स्मरणशक्तीपेक्षा मोठी वाटते. मराठीत ज्याला तेरीज म्हणतात ते गुजरातीत ‘काचुं सरवैयुं’, आपला ताळेबंद तिथे ‘पाकुं सरवैयुं’. हिशेबातलं आपलं ‘नावे’ तिथे ‘उधार’ होतं, आणि उधार म्हटलं की मराठी कानाला आधी वाण्याची उधारीच आठवते. समजून मराठीत घ्यायचं आणि त्याच क्षणी गुजरातीत लिहायचं, हे दुहेरी ओझं पेपराच्या तीन तासांत पहिल्यांदाच उचललं तर हात थांबणारच. त्यासाठी वाटणी कर. समजून घ्यायचं ते खुशाल मराठीत. घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत आईला किंवा धाकट्या भावंडाला समजावून सांग; त्यांना कळलं नाही, तर तुलाही अजून कळलेलं नाही असं समज. पण कोऱ्या कागदावर लिहायचं ते पेपरच्या भाषेत, गुजरातीत, पहिल्या दिवसापासून. संज्ञांची दोन रकान्यांची वही कर आणि रोज एक रकाना झाकून दुसरा म्हण.

जागेचं काय करायचं? मी तुला एका खोलीची सबब देणार नाही आणि तिला क्षुल्लकही म्हणणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत एका खोलीत राहून शिकले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. रात्री भीमराव लवकर झोपत, वडील रामजी सुभेदार जागे राहत, दोनच्या सुमारास मुलाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. शाळेनंतर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. त्या घराने मुलासाठी वेळ मोकळा केला, हे त्यातलं घेण्यासारखं. वडिलांशी बोल. त्यांच्या पाळीनुसार घर कोणत्या दोन तासांत शांत असतं ते दर आठवड्याला ठरवा. सुट्टीच्या दिवशी घोडदोड रोडवरचं महापालिकेचं कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालय गाठ. भेस्तानहून लांब पडतं, पण सलग बसता येईल. आणि गाडीतली पंधरा मिनिटं वाया जात नाहीत. पुस्तक न काढता कालचा धडा मनात म्हणायला ती पुरतात.

झोप मात्र कापू नकोस. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. पेपरच्या आदल्या रात्री जागून नवं प्रकरण उघडणं मी कुणालाही सांगणार नाही.

राहिलेल्या विषयापासूनच सुरुवात कर. आज रात्री त्याचं पहिलं प्रकरण उघडण्याआधी, आत्ता त्यातलं जे आठवतं ते एका कागदावर लिहून तारीख टाक आणि तो कागद जपून ठेव. महिन्याने त्याच प्रकरणाचा दुसरा कागद लिही आणि दोन्ही शेजारी ठेवून मला पत्र पाठव. मी वाट पाहीन.