वळिवड्याची छावणी आणि आपले स्वयंसेवक



स्थलांतरित आणि निर्वासित यांच्यासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवण्याची प्रथा ख्रिस्तसभेत १९१४ पासून आहे. २०१९ पासून हा दिवस साधारणपणे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी येतो. त्या दिवशी विश्वासूंच्या प्रार्थनेत आपण एक विनंती वाढवतो, सगळ्यांबरोबर प्रतिसाद देतो आणि विषय तिथेच संपतो. आज तो थोडा पुढे न्यायचा आहे. त्याला एक निमित्त आहे. परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेणारी आपली मुले-मुली अलीकडे सामाजिक कार्याचे पत्र मागायला येतात. काही जण तिकडे गेल्यावर, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप मिळाली, असे आनंदाने कळवतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पत्रात तास किती लिहायचे हा प्रश्न आधी येतो. काम काय केले आणि कुणाबरोबर केले, हे नंतर. म्हणून निर्वासिताला मदत करणे म्हणजे नेमके काय, हे एकदा नीट समजून घेऊ. त्यासाठी कोल्हापूरपर्यंत गेलो तरी पुरे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. पोटासाठी गाव सोडतो तो स्थलांतरित. धरणामुळे किंवा दंगलीमुळे घरातून उठवला गेला, पण आपल्याच देशात राहिला, तो विस्थापित. आणि धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगटाचे असणे यांपैकी कशामुळे तरी छळ होईल, या साधार भीतीने ज्याने देशाची सीमा ओलांडली तो निर्वासित. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराची व्याख्या साधारण अशी आहे. आपल्या धर्मग्रामातील बरीच घरे मूळची नगर जिल्ह्यातली आहेत. कुणाचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात पुण्याला आले, कुणाचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी. त्यांनी हाल सोसले, झोपडीत दिवस काढले. तरी सप्टेंबर आला की आपण हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जातो आणि येताना गावाकडे एक रात्र मुक्काम करतो. निर्वासिताला परतीची एसटी नसते. आपल्यात आणि त्याच्यात फरक आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे.

आता कोल्हापूरकडे वळू. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने हल्ला केला. रशियाच्या ताब्यातील भागातून १९४० आणि १९४१ मध्ये हजारो कुटुंबे मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली गेली. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच चढाई केली, तेव्हा राजकारण फिरले आणि या लोकांना सोडण्याचा करार झाला. पुरुष नव्या पोलिश सैन्यात गेले. बायका-मुले १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्रापलीकडे इराणात पोहोचली. वाटेत थंडीने, भुकेने, विषमज्वराने किती मेली त्याला गणती नाही. इराणातून पुढे त्यांना आफ्रिकेत, मेक्सिकोत, न्यूझीलंडमध्ये आणि आपल्याकडे आसरा मिळाला. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उभारली, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. पण भारतातील सर्वांत मोठी पोलिश वसाहत आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५ हजार पोलिश लोक राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुले.

या वसाहतीचा खर्च मुख्यतः लंडनमधून चालणाऱ्या पोलंडच्या परागंदा सरकारने उचलला. जागा कोल्हापूर संस्थानातली होती. पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी किरा बानासिन्स्का यांनी भारतात या लोकांसाठी फार खटपट केली. त्यांचे पती मुंबईत पोलंडचे वाणिज्यदूत होते. हे सगळे महत्त्वाचे आहे, पण माझे लक्ष जाते ते एका साध्या गोष्टीकडे. तिथे लंगरासारखी एकच मोठी पंगत बसत नव्हती. कुटुंबाला बराकीत स्वतःची जागा आणि चूल होती. हातात भत्ता मिळे. बाई आसपासच्या विक्रेत्यांकडून भाजी घेई, भावात घासाघीस करी आणि आपल्या मुलांना आपल्या पद्धतीचे जेवण रांधून घाली. तीन वर्षे रांगेत उभे राहून मिळेल ते खाणाऱ्या आईला आज काय शिजवायचे हे पुन्हा स्वतः ठरवता आले. मदत कशाला म्हणावी हे मला या चुलीवरून जास्त कळते.

बाकीचेही त्याच धाटणीचे होते. शाळा पोलिश भाषेत चालत आणि शिक्षक निर्वासितांतलेच. चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत, बालवीर आणि वीरबाला यांची पथके होती. या पथकांसाठी एक तरुण अधिकारी आला. त्याचे नाव झ्जिस्वाव पेश्कोव्स्की. १९१८ चा जन्म, म्हणजे तेव्हा पंचविशीतला. तो रशियातील कोझेल्स्कच्या कैदी छावणीत होता आणि तेथील चार हजारांवर सोबती १९४० मध्ये कातिनच्या जंगलात गोळ्या घालून मारले गेले होते. तो वाचला. असा माणूस मुलांपुढे आपले दुःख घेऊन बसला असता तरी कुणी त्याला नावे ठेवली नसती. त्याने मुलांना शपथ, शेकोटी, सहल, शिस्त दिली. पुढे १९५४ मध्ये तो धर्मगुरू झाला आणि कातिनच्या मृतांच्या स्मृतीसाठी २००७ साली मृत्यू येईपर्यंत झटला. इंटर्नशिपवाल्या आपल्या मुलांनी हे नाव लक्षात ठेवावे असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. ज्या १९४३ साली वळिवड्यात ही सोय झाली, त्याच साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. युरोपीय निर्वासितांसाठी सरकारे हलली, तशी बंगालसाठी हलली नाहीत. यात वळिवड्याच्या मुलांचा दोष काही नाही. पण कुणाचे दुःख आपल्याला दिसते आणि कुणाचे दिसत नाही, हा प्रश्न त्यातून उरतोच.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून दोन नावे घेतल्यावाचून मला राहवत नाही, वाचकांनी तेवढे सोसावे. त्याच १९४३ साली दोन ज्यू कुळातील विदुषी परमुलखात बसून याच विषयावर लिहीत होत्या. न्यूयॉर्कमध्ये हाना आरेंट यांनी 'आम्ही निर्वासित' हा लेख लिहिला. घर गेले म्हणजे रोजच्या जगण्यातली ओळख गेली, काम गेले म्हणजे आपण कुणाच्या उपयोगी आहोत हा विश्वास गेला, भाषा गेली म्हणजे सहज बोलणे गेले, असा त्यांचा आशय आहे. लंडनमध्ये सिमोन वेल यांनी मृत्यूपूर्वी काही महिने लिहिले की माणसाच्या आत्म्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित गरज म्हणजे मुळे धरण्याची. या दोघींचे म्हणणे जोडून पाहा. निर्वासिताकडे अन्न-वस्त्र नसते हे खरे, पण त्याने त्याहून अधिक गमावलेले असते. आपण देणारे होतो, ठरवणारे होतो, कुणाचे तरी शेजारी होतो, ही जाणीवच त्याच्याकडून गेलेली असते. आपण त्याला नुसतेच घेणारा करून ठेवले, तर पोट भरूनही आपण त्याचे नुकसानच केले.

हे आपल्या ख्रिस्तसभेने फार सोप्या शब्दांत सांगितले आहे. व्हिएतनाममधून होड्यांतून निसटलेल्या लोकांचे हाल पाहून येशूसंघाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांनी १४ नोव्हेंबर १९८० रोजी निर्वासितांसाठी येशूसंघीय सेवा सुरू केली. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा हे फादर तिथेच शहराच्या कडेला राहत होते आणि त्यांनी मठाचा दवाखाना करून टाकला होता. या सेवेचे ब्रीद तीन क्रियापदांत आहे: साथ देणे, सेवा करणे, बाजू मांडणे. क्रम पाहा. सेवा दुसरी आहे, साथ पहिली. तामिळनाडूत श्रीलंकन तमिळांच्या छावण्यांत त्यांनी मुलांचे संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या संदेशात चार क्रियापदे दिली: स्वागत करणे, रक्षण करणे, वाढू देणे, समाजात सामावून घेणे. यांतले पहिले एका दिवसात होते. चौथ्याला वर्षे लागतात, आणि ते एकट्या पाहुण्याच्या हातात नसते, यजमानालाही बदलावे लागते.

प्रत्यक्षात हे काम कसे चालते? कॅनडाचे उदाहरण घेऊ, कारण आपली बरीच मुले तिकडे जातात. १९७९ आणि १९८० मध्ये कॅनडाने व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातील सुमारे ६० हजार निर्वासितांना घेतले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची जबाबदारी चर्चमंडळ्यांनी आणि शेजाऱ्यांच्या छोट्या गटांनी उचलली होती. गटाने एक कुटुंब घ्यायचे आणि साधारण वर्षभर त्याचे पाहायचे. घर शोधणे, बँकेत खाते उघडणे, मुलांना शाळेत घालणे, बसचा मार्ग समजावणे, हिवाळ्याचे कपडे कोणते घ्यायचे ते दाखवणे. यात भाषणाला वाव नाही. पहिल्या वेळी तुम्ही बरोबर जाता, दुसऱ्या वेळी मागे उभे राहता, तिसऱ्या वेळी घरी थांबता. वर्षाअखेरीस त्या कुटुंबाला तुमची गरज उरली नाही तर काम झाले असे समजावे. पुष्कळ चांगल्या माणसांना हे जड जाते, कारण कुणाला तरी आपली गरज आहे ही भावना गोड असते.

तरुणांसाठी काही गोष्टी स्पष्ट सांगतो. निर्वासिताला त्याची कहाणी विचारू नका. ती त्याने आधीच पाच कार्यालयांत पाच वेळा सांगितलेली असते, आणि प्रत्येक वेळी ती खरी आहे की नाही हे तपासले गेलेले असते. त्याला सांगावीशी वाटली तर तो सांगेल, तेव्हा ऐका. मुलांबरोबर फोटो काढून पाठवू नका. ज्यांचे नातलग अजून मागे अडकले आहेत त्यांना एखादा फोटोही धोक्यात घालू शकतो. डॉक्टरकडे आईचे दुखणे सांगण्यासाठी तिच्या दहा वर्षांच्या मुलाला दुभाषा करू नका. आणि 'दर शनिवारी येईन' असे म्हणाल तर दर शनिवारी जा. ज्यांच्या आयुष्यातून सगळे अचानक निघून गेले, त्यांना न सांगता येणे बंद करणारा स्वयंसेवक नसलेला बरा.

पुण्यातही हे काम आहे का, असे कुणी विचारील. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीत वसली, तिला लोक अजून कॅम्प म्हणतात. आज शहरात तशी छावणी नाही. पण १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा पुण्यात शिकणारे अनेक अफगाण विद्यार्थी एका रात्रीत अधांतरी झाले. घरून पैसे येईनात, व्हिसाची मुदत सरत आलेली, मुलींना तर परत जाण्याचा विचारही करवेना. अशा वेळी चादरी वाटून काय होणार? फीला मुदत मिळवून देणारा, अर्ज भरायला बसणारा, खोलीच्या मालकाशी बोलणारा माणूस हवा असतो. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. परदेशी नागरिकांचा १९४६ चा कायदा जाऊन आता २०२५ चा नवा कायदा आला आहे. काही देशांच्या लोकांची निर्वासित म्हणून नोंद संयुक्त राष्ट्रांचे दिल्लीतील कार्यालय करते. घरात परदेशी व्यक्ती राहायला ठेवली तर चोवीस तासांत तशी नोंद करावी लागते. चांगल्या मनाने केलेली मदतही कागद अपुरे राहिले तर त्या पाहुण्यालाच अडचणीत आणते, म्हणून आधी विचारा, मग करा.

वळिवड्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. युद्ध संपले, पण पोलंडचा पूर्वभाग रशियाकडेच राहिला. ज्या गावांतून ही माणसे निघाली होती ती आता त्यांच्या देशातच नव्हती. काही जण तरी पोलंडला गेले, बरेच ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथे पुन्हा नव्याने बिऱ्हाड मांडायला गेले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. त्याच बराकींत सिंधहून आलेली कुटुंबे राहायला आली. त्या जागेला आज गांधीनगर म्हणतात, आणि कोल्हापूर-सांगलीकडचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला तिथल्या कापडबाजारात जातात. पोलिश मुले म्हातारी होऊनही वळिवडे पाहायला येत राहिली. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे, आणि वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पांजली वाहिली.

पत्र हवे असलेल्या मुलांनी सहा महिने एका कुटुंबाबरोबर किंवा एका विद्यार्थ्याबरोबर काम करून मग यावे. पत्रात मी तास लिहिणार नाही. त्या व्यक्तीला आता कोणत्या गोष्टी तुमच्याशिवाय करता येतात, ते लिहीन.

या आठवड्यात लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत मत्तयच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाचे, मिसर देशाच्या पलायनाचे वाचन घ्यावे. योसेफाला मिसरमध्ये काम कुणी दिले असेल, मरियेला तिथल्या बाजारात बोलायला कुणी शिकवले असेल, यावर बोलावे. त्यानंतर दुसरा प्रश्न घ्यावा, आणि घाईने सोडू नये: आपल्या इमारतीत एखादे परदेशी कुटुंब भाड्याने जागा मागायला आले आणि सोसायटीच्या सभेत नको-नकोचा सूर लागला, तर तिथे बसलेला आपल्या धर्मग्रामातला माणूस काय बोलेल?