ज्वारीची बोरवडी

मंडळी, आजच्या धड्यात आपण वाचणार आहोत आणि वाचता वाचता एक पदार्थही शिकणार आहोत.

संक्रांत जवळ आली की आपल्या बांधावरच्या बोरी पिकतात. पोरे दगड मारून बोरे पाडतात. थोडी खातात, बाकीची झाडाखालीच वाळतात, किडतात. घरात ज्वारी असते. गूळ असतो. पण या तिन्ही वस्तू एकत्र करून टिकाऊ खाऊ करावा, हे आपल्याला सुचत नाही.

थंड मुलखात ओट नावाचे धान्य पिकते. तिकडचे लोक ओट, लोणी आणि साखर चोळून त्याचा भरभरीत चुरा करतात. त्या चुऱ्याचे दोन थर देतात, मध्ये फळांचा गर भरतात, भट्टीत भाजतात आणि वड्या कापतात. आपल्या शहरांतही आता असल्या वड्या कागदात गुंडाळून विकतात. एका वडीला बरेच पैसे पडतात. आपण ओट कशाला आणावा? आपल्या धाराशिव जिल्ह्याचे धान्य ज्वारी. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. अंगात रक्त वाढायला लागणारे लोहही असते. २०२३ साल हे साऱ्या जगाने ज्वारी, बाजरी, नाचणी अशा भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. जग आपल्या भाकरीकडे वळले आणि आपण मात्र पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा देतो.

धान्य आणि गूळ यांचा कोरडा खाऊ आपल्याला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई खडी फोडायच्या कामावर जाई. तिथे सुकडी वाटत. पीठ आणि गूळ यांचा तो गोड, कोरडा खाऊ. आई स्वतः अर्धाच खाई. उरलेला पदरात बांधून आम्हा भावंडांना आणी. त्या सुकडीवर आम्ही तग धरला. पण एक गोष्ट मला अजून सलते. हजेरीच्या कागदावर आई अंगठा उठवी. किती दिवस मांडले, किती पैसे लिहिले, हे तिला कधीच कळले नाही. ती म्हणे, "लिहिलं आसंल बरोबर." बरोबर होते की नव्हते, ते आता कोण सांगणार?

असो. आता कृती वाचा. एकेक ओळ मोठ्याने वाचा.

साहित्य : ज्वारीची भरड २ वाट्या. कणीक १ वाटी. चिरलेला गूळ दीड वाटी. तूप किंवा तेल पाऊण वाटी. पिकलेली बोरे ३ वाट्या. दूध २ चमचे. चिमूटभर सुंठ, चिमूटभर मीठ.

१. बोरे धुवा. प्रत्येक बोर फोडून पाहा. अळी असेल ते टाका.

२. बोरांत दीड वाटी पाणी घालून मऊ शिजवा. निवल्यावर हाताने कुस्करा आणि चाळणीवर घासून गर काढा. बिया व साली वर राहतील.

३. गरात अर्धी वाटी गूळ व सुंठ घालून मंद जाळावर आटवा. उलथन्यावरून गर ओघळेनासा झाला की उतरवा.

४. भरड कोरडीच भाजा. खमंग वास आला की उतरवून निववा.

५. भरड, कणीक, मीठ आणि उरलेला एक वाटी गूळ एकत्र करा. तूप घालून चोळा. दूध शिंपडा. मूठ दाबली तर मुटका व्हावा, बोट लावले तर फुटावा. पाणी घालून मळू नका.

६. उभ्या काठाच्या, वीतभर रुंद ताटाला तूप लावा. अर्धा चुरा दाबून बसवा. त्यावर गर पसरा. उरलेला चुरा वरून मोकळा भुरभुरा.

७. मोठ्या पातेल्यात दोन बोटे कोरडी वाळू घाला. त्यावर विटेचे तीन तुकडे ठेवा. झाकण घालून चुलीवर पाव तास तापवा. मग ताट आत ठेवा. झाकणावर निखारे ठेवा. खालचा जाळ मंद, वरचे निखारे जास्त, हे विसरू नका.

८. अर्ध्या तासाने उघडून पाहा. वरचा थर बदामी झाला की काढा. साधारण पाऊण तास लागतो.

९. पूर्ण गार झाल्यावर १६ वड्या कापा.

निखाऱ्यांचा धूर कोंडू नये म्हणून दार उघडे ठेवा. लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवा.

आता कारणे समजून घ्या. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून तर भाकरी लाटत नाहीत, थापतात. म्हणून इथे थोडी कणीक घातली. गरम वडी कापली तर ती ढासळते, कारण गर गार झाल्यावरच धरतो. बोरांऐवजी पेरूचा गर चालेल. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ पुष्कळ, पण ते घालू नका. शिजवले की कडू होते. आणि गूळ हाही गोडच. मधुमेह असलेल्याने जिभेला आवर घालावा.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक म्हाताऱ्या बाई येत. त्यांचा मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. नातही बरोबर जाई. बाई मला म्हणाल्या, "गुर्जी, सैपाक का कुठं वाचून येतोय व्हय?" मी म्हटले, "करून तर बघा."

पहिले ताट खालून करपले. खालीच जाळ जास्त झाला होता. शिवाय गरम असतानाच कापले, त्यामुळे सगळा चुरा झाला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी धडा पुन्हा वाचला. कोळशाने भिंतीवर लिहिले : "खाली मंद. गार झाल्यावर काप." दुसरे ताट छान उतरले.

त्याच आठवड्यात टोळीतला एक गडी गावी आला होता. परत जाताना त्याच्या हाती बाईंनी वड्यांचा डबा दिला. डब्यात एक चिठ्ठी ठेवली. उभ्या जन्मात लिहिलेली त्यांची ती पहिली चिठ्ठी. "बाळे, रोज एक खा. पाच दिसात संपव. आजी."

गडी पुढच्या खेपेला आला तेव्हा डबा रिकामा परत आला. आत तीच चिठ्ठी होती. मागच्या बाजूला नातीने लिहिले होते, "आजी, तू लिहिलंस?"

बाईंनी ती चिठ्ठी मला वाचायला दिली नाही. स्वतःच वाचून दाखवली.

स्वाध्याय

१. वरचे निखारे जास्त का ठेवायचे?

२. समजा एका ताटाला ८० रुपये खर्च आला आणि १६ वड्या झाल्या. एक वडी कितीला पडली?

३. घरापासून दूर असलेल्या आपल्या माणसाला दोन ओळींची चिठ्ठी लिहा. खाली सही करा, अंगठा नको.