नाताळचे जेवण: मार्थालाही बसू द्या

शास्त्रवाचन: लूक १०:३८-४२, योहान १२:१-३



आगमनकाळ संपत आला. घराघरांत केकचे सामान आले आहे, नेवऱ्यांची तयारी सुरू आहे, मटणवाल्याला आगाऊ सांगूनही झाले आहे. नाताळच्या दुपारी आपल्याकडे कितीतरी घरांत पंधरा-वीस माणसे जेवायला असतात. मुलगे-सुना, लेकी-जावई, नातवंडे आणि वर्षातून एकदाच येणारे काका-काकी. आजचा पाठ या जेवणाविषयी आहे.

मी नवीन धर्मगुरू असताना मार्था आणि मरिया या बहिणींवर प्रवचन केले होते. स्वयंपाकघरात फार अडकू नका, प्रभूच्या चरणी बसा, असे मी सांगितले. मिस्सानंतर एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, मी बसते हो. पण मग वीस माणसांचे जेवण कोण करील?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी हसून वेळ मारून नेली. रात्री मात्र मला माझी आई आठवली. नाताळला ती सगळ्यांच्या नंतर, दुपारी चार वाजता, ओट्याजवळ उभी राहून जेवत असे. आम्ही भावंडे ते पाहत होतो, आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नव्हते.

म्हणून तो उतारा पुन्हा नीट वाचू या.

'मार्था' या अरामी नावाचा अर्थ घरची मालकीण. तिने येशूला आपल्या घरी घेतले. तिच्या कामासाठी संत लूक मूळ ग्रीकमध्ये 'दियाकोनिया', म्हणजे सेवा, हा शब्द वापरतो. आपला 'डीकन' हा शब्द त्याच मुळापासून आला आहे. तेव्हा स्वयंपाक हे हलके काम आहे, असे शुभवर्तमान म्हणत नाही. पुनरुत्थित प्रभूने तर तिबिर्याच्या सरोवराकाठी स्वतः निखाऱ्यांवर मासळी भाजून शिष्यांना न्याहारी दिली (योहान २१:९-१३).

मग प्रभू मार्थाला काय दाखवून देतो? तिची चिंता आणि तिची दगदग. लूकच्या शब्दाचा मूळ अर्थ चहूकडून ओढले जाणे असा आहे. पाहुणा घरात आहे, पण त्याच्याजवळ बसायला तिला उसंत नाही. तिच्या तक्रारीतला एक शब्द मात्र आपण घाईत वाचून जातो. बहिणीने कामाचा भार माझ्या 'एकटीवर' टाकला, असे ती म्हणते. प्रभू मरियेला उठवत नाही, कारण वचन ऐकण्याचा तिचा वाटा तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये. पण तोच वाटा मार्थालाही मिळावा, अशीच त्याची इच्छा असणार. नाहीतर त्याने तिला दोनदा नावाने हाक मारून समजावले नसते.

आता योहानाच्या बाराव्या अध्यायाकडे वळू. वल्हांडणाच्या सहा दिवस आधी बेथानीत पुन्हा जेवण आहे. तेथे 'त्यांनी' येशूसाठी जेवण केले, असे अनेकवचन आहे. मार्था याही वेळी वाढते आहे, पण तक्रार नाही. लाझरस पंगतीला बसला आहे, मरिया प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावते आहे. काम तेच आहे, पण आता कुणी एकटे नाही.

आविलाची संत तेरेझा (१५१५-१५८२) हिनेही आपल्या भगिनींना हेच शिकवले. स्वयंपाकघरातल्या भांड्यांमध्येही देव भेटतो, आणि प्रभूचा पाहुणचार करायला मार्था व मरिया या दोघी एकत्र लागतात, असे तिचे सांगणे होते.

या नाताळला आपण चार गोष्टी करू शकतो.

१. सोरपोतेल, विंदालू २३ तारखेलाच करून ठेवा. शिरका मुरला की चव वाढते. गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि वाढण्यापूर्वी चांगली उकळी आणा. म्हणजे २४ च्या रात्री मिस्साला कुणी दमून येणार नाही, की घरी राहणार नाही.

२. कामे वाटून घ्या आणि कागदावर नावे लिहा. पुरुषांचे काम मटण आणून दिले की संपत नाही. लसूण सोलणे, फुगे तळणे, भांडी घासणे यांना मुलगा-मुलगी हा भेद नाही. सुनेइतकीच कामे मुलालाही द्या.

३. एक पदार्थ कमी करा. शेजारी सात पदार्थ झाले म्हणून आपल्याकडे आठ व्हायला हवेत, असे नाही. वाचलेला तास आजीजवळ बसण्यात घालवा.

४. स्वयंपाकघरातली शेवटची व्यक्ती येऊन बसल्याशिवाय जेवणाची प्रार्थना सुरू करू नका. जागा कमी असेल तर दोन पंगती करा. रांधणारे पहिल्या पंगतीला बसतील, बाकीचे वाढतील.

त्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला बरीच वर्षे लागली. जेवण कोण करील? आपण सगळे मिळून करू, आणि सगळे मिळून जेवू.

कुटुंबप्रार्थनेत चिंतनासाठी:
- आपल्या घरी नाताळला सर्वांत शेवटी कोण जेवते?
- त्या व्यक्तीचे कोणते एक काम मी या वर्षी माझ्याकडे घेईन?

बाळ येशू आपल्या प्रत्येक घरच्या पंगतीला येवो. सर्वांना नाताळच्या शुभेच्छा व आशीर्वाद.

आपला,
प्रमुख धर्मगुरू