प्रभाव दाखवायचा तर साक्षीदार हवा

अहिल्यानगर

चि. गौरी हिस,


व्हॉट्सॲपवर पाठवलेली तुझ्या प्रोजेक्टची पानं सावकाश वाचली. अक्षर तुझ्या बाबापेक्षा कितीतरी बरं. पण ‘प्युरिटनांचा समाजावरील प्रभाव’ या मथळ्याखाली तू काळ्या टोप्या, मेफ्लॉवर जहाज आणि चेटकिणींना जाळतानाचं चित्र एवढंच मांडलं आहेस. त्यातलं जाळण्याचं चित्र आधी काढून टाक. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली चेटकाच्या खटल्यांत कोणालाही जाळलं नाही. एकोणीस जणांना फाशी दिली आणि एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. पाच वर्षांनी त्या खटल्यांतल्या एका न्यायाधीशानं, सॅम्युएल सिवॉलनं, भर चर्चमध्ये उभं राहून आपला दोष कबूल केला. तो प्रसंग तुझ्या पानांत कुठंच नाही. माझ्या मते फाशीइतकाच तोही प्युरिटन आहे.

मथळ्यातला ‘समाज’ कोणता, हेही तू ठरवलेलं नाहीस. सगळं जग घेशील तर हाती काहीच लागणार नाही. तुमच्या बिरसा गावात बसून प्युरिटनांच्या बोस्टनवर लिहायचं तर बोस्टनचा आपल्याशी कुठं संबंध आला ते शोध. तो आलेला आहे, आणि तोही मराठीतून.

मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६४७ साली एक कायदा केला. पन्नास घरांच्या गावानं लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमलाच पाहिजे. कारण काय दिलं? माणसांना धर्मग्रंथापासून दूर ठेवणं हा सैतानाचा डाव आहे, म्हणून. कारण वाचून हसू येतं, पण पन्नास घरांचा आकडा नीट बघ. तुमच्याकडच्या लहानशा वाडीवजा टोल्यालाही शिक्षक मिळाला असता. आणि याच मंडळींनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला! शाळा आणि दंड दोन्ही एकाच घरातून आले. तुझ्या गाईडमध्ये मात्र ‘गुण’ आणि ‘दोष’ असे दोन वेगळे रकाने पाडले आहेत. ते रकाने उतरवू नकोस.

आता पुढचा धागा. या प्युरिटनांच्या वारसांनी, म्हणजे कॉंग्रिगेशनल चर्चवाल्यांनी, १८१० मध्ये परदेशी मिशनसाठी मंडळ काढलं. त्यांच्या पहिल्या मिशनऱ्यांना दीक्षा मिळाली फेब्रुवारी १८१२ मध्ये, आणि गाव कोणतं? तेच सेलम. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं, पण ते टिकले. हेच अमेरिकन मराठी मिशन. १८३१ पासून त्यांचं ठाणं आमच्या नगरला पडलं, १८४२ मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागलं. सिंथिया फेरार नावाची एक अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आली, पुढं नगरला येऊन मुलींना शिकवत राहिली आणि १८६२ मध्ये इथंच वारली.

इथं तुझ्या प्रोजेक्टचा गाभा आहे, तेव्हा जरा थांब. जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे तुला पाठ आहे. त्याआधी ते नगरला येऊन फेरारबाईंच्या शाळा पाहून गेले होते. हे कोण म्हणतं? खुद्द जोतीराव. त्यांचं ते सांगणं १८५३ च्या ‘ज्ञानोदया’त छापलेलं आहे. प्रभाव सिद्ध करायचा तो असा. कोण गेलं, काय पाहिलं, परत येऊन काय केलं, आणि तसं बोलून कोणी दाखवलं.

पण लगेच ‘स्त्रीशिक्षण प्युरिटनांनी आणलं’ असं ठोकून देऊ नकोस. जोतीराव शिकले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत, आणि भारावून गेले टॉमस पेन वाचून. पेन तर चर्च नावाच्या संस्थेचाच वैरी! शाळेची तऱ्हा नगरहून घेतली असेल, पण शूद्रातिशूद्रांच्या मुलींसाठी ती उघडायची जिद्द त्यांची स्वतःची होती. शिवाय प्रभाव उलटाही वाहतो. कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तरी त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन ॲबटनं तर उतारवयात आपल्या संतांची चरित्रं आणि काव्य इंग्रजीत नेलं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तुझ्या आजीच्या कपाटात आहेत. ती वाच. सोवळ्यात वाढलेली बाई ते कसं हळूहळू सोडते हे तुला कोणत्याही गाईडमध्ये सापडायचं नाही.

शेवटच्या प्रकरणात तू लिहिलंस की ‘आमच्या भागात काही गोंड कुटुंबांनी दारू आणि करमा नाच सोडला, हा प्युरिटन प्रभाव’. याला पुरावा काय? कडक वागणं सगळीकडे सारखंच दिसतं, पण त्याची मुळं वेगवेगळी असतात. तुमच्याकडचे पनका समाजाचे बरेच लोक कबीरपंथी आहेत, त्यांना दारू सोडायला बोस्टनची गरज पडली नाही. गोंडांमध्येही विसाव्या शतकात स्वतःचे सुधारक झाले. व्हेरिअर एल्विन हा एकेकाळचा पाद्री. १९३२ मध्ये तो तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला येऊन राहिला, आणि १९३९ मध्ये त्याचं बैगा आदिवासींवरचं पुस्तक आलं. आदिवासींचा नाच-गाणं-दारू बंद करू पाहणाऱ्यांवर, मग ते मिशनरी असोत की हिंदू सुधारक, त्यानं सारखाच राग काढला. त्याचं सगळंच मान्य कर असं मी म्हणत नाही. लोकांना ‘जसे आहेत तसेच’ ठेवायची त्याची हौस मलाही खटकते. पण दोन कडक माणसं दिसली की एक दुसऱ्याचा चेला, असं समजायचं नाही, एवढं त्याच्याकडून घे.

मलाजखंडच्या रस्त्यावरच्या एखाद्या गावात जा आणि म्हाताऱ्या माणसांना विचार, करमा कधी थांबला, कोणी थांबवला, आणि पुन्हा कधी सुरू झाला. ‘बरं-वाईट’ विचारू नकोस. त्यांना विचारून मगच नाव लिही, नको म्हणाले तर ‘एक वृद्ध बाई’ पुरे. उत्तरात मिशनचा उल्लेख आलाच नाही, तर तेही तसंच नोंदव. ‘प्रभाव आढळला नाही’ हासुद्धा निष्कर्षच असतो, बाईंनी मार्क कापले तरी.

मथळा ‘सेलम ते नगर’ असा कर, बिरसाचं प्रकरण त्याला पडताळणी म्हणून जोड, आणि नवीन मसुदा दिवाळीच्या सुटीआधी मला पाठव. चित्रं कमी, सन-साल जास्त.

तुझी,
आत्या