कृत्रिम गोडी आणि आतड्यांचे आरोग्य

सॅकरिन या साखरेहून सुमारे ३०० पट गोड असलेल्या पदार्थाचा शोध १८७९ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लागला. त्यानंतर १९६५ मध्ये अस्पार्टेम व १९७६ मध्ये सुक्रालोज यांची भर पडली. या पदार्थांपासून उष्मांक जवळजवळ मिळत नसल्याने ते निरुपद्रवी होत, असा समज रूढ झाला.

तथापि, आपल्या आतड्यांत असंख्य जीवाणूंची वस्ती असते व अन्नातील तंतूंचे विघटन करून ते शरीरास उपयुक्त आम्ले पुरवितात. सुक्रालोजचा बहुतांश भाग रक्तात न शोषला जाता या जीवाणूंपर्यंत पोहोचतो.

इस्राएलमधील वाइझमान संस्थेने २०१४ मध्ये उंदरांना सॅकरिन दिले असता त्यांची रक्तशर्करा आटोक्यात ठेवण्याची क्षमता खालावली. त्यांची विष्ठा जंतुविरहित उंदरांच्या आतड्यांत घालताच तोच दोष तेथेही उद्‌भवला. म्हणजेच या बिघाडाचे मूळ जीवाणूंत होते. २०२२ मध्ये १२० निरोगी प्रौढांवरील प्रयोगात सॅकरिन व सुक्रालोज यांचा असाच परिणाम दिसला. मात्र तो व्यक्तिपरत्वे भिन्न होता.

वजन घटविण्यासाठी अशा पदार्थांचा वापर करू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. ती मधुमेहींना लागू नाही. त्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच निर्णय घ्यावा. इतरांनी, विशेषतः मुलांनी, साखरेला पर्याय शोधण्यापेक्षा कमी गोडाचीच सवय लावून घेणे श्रेयस्कर होय.