शाळेतील पोशाख व वर्तन

सावकाराचा मुलगा व रापणीवर राबणाऱ्याचा मुलगा एकाच बाकावर बसतात. दोघांचा वेष सारखा असावा, एवढ्याचसाठी शाळा गणवेश ठरविते.

ख्रिस्ती मनुष्याने परदेशी वेष धारण केलाच पाहिजे, असा आग्रह एके काळी होता. शेजारच्या गोमंतकात इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने १७३६ साली एतद्देशीय ख्रिस्ती पुरुषांच्या धोतरास व स्त्रियांच्या चोळीस बंदी केली. परंतु पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी साडी सोडली नाही. पुढे १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले तेव्हाही त्यांचा वेष तोच साधा होता. धर्म बदलला म्हणून पेहराव बदलावा लागत नाही, हे त्यांच्या आचरणाने दिसले.

म्हणून विद्यार्थ्यांपाशी आमचे मागणे थोडके आहे. कपडे स्वच्छ व मर्यादशील असावेत. दागिने घरी ठेवावेत. शिक्षकांशी ज्या आदराने बोलावयाचे, त्याच आदराने शिपायाशीही बोलावे. मालवणच्या पावसात एकुलता सदरा रात्रीतून वाळत नाही. अशा ओल्या अथवा ठिगळाच्या सदऱ्यास जो हसेल, त्याचा स्वतःचा वेष कितीही नीटनेटका असो, शाळेचा नियम त्यानेच मोडला असे आम्ही समजू.

पालकांस विनंती की, नवे कापड घेणे न परवडल्यास मुलास घरी न बसविता मुख्याध्यापकांस निःसंकोच कळवावे. गणवेशापायी कोणाचीही शाळा सुटता कामा नये.