व्यापाऱ्यांचे इंग्रजी : ‘कॉल ऑफ’ म्हणजे सौदा रद्द की मालाची उचल?

१९९८ सालची गोष्ट आहे. इंग्लंडमधील एका आयातदाराशी आम्ही वीस हजार मीटर सुती चादरीच्या कापडाचा सौदा केला होता. माल तयार होऊन थोडा कांदिवलीच्या आमच्या गाळ्यात आणि बाकीचा भिवंडीच्या गोदामात पडून होता. जानेवारीत त्यांचा फॅक्स आला. त्यात एक वाक्य होते, ‘वुई शॅल कॉल ऑफ सिक्स थाउजंड मीटर्स इन मार्च.’ आम्ही शब्दकोश काढला. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. संप मागे घेतला की इंग्रजी वर्तमानपत्रात हाच शब्द येतो, हेही आम्हाला ठाऊक होते. म्हणजे सहा हजार मीटर रद्द झाले, असे धरून आम्ही तेवढा माल मंगळदास मार्केटमधील एका दलालामार्फत, मीटरमागे तीन रुपये तोटा सोसून, विकून टाकला. मार्चमध्ये दुसरा फॅक्स आला. सहा हजार मीटर जहाजावर केव्हा चढवता?

फॅक्समध्ये काहीच चूक नव्हती. तिकडच्या व्यापारात मोठा सौदा एकदाच ठरवतात आणि खरेदीदार आपल्या गरजेप्रमाणे त्यातून थोडा थोडा माल मागवत राहतो. अशा प्रत्येक मागणीला ‘कॉल ऑफ’ म्हणतात. आपल्या बाजारात आपण ज्याला उचल म्हणतो, तेच ते. आम्हाला पुन्हा भिवंडीतून चढ्या भावाने कापड घ्यावे लागले. त्याचा पोत पहिल्या मालाशी तंतोतंत जुळला नाही, म्हणून बिलातून रक्कम कापली गेली ती वेगळीच. तोट्याची रक्कम आम्ही येथे छापत नाही, पण त्या वर्षी गाळ्याचे रंगकाम पुढे ढकलावे लागले एवढे सांगतो.

आमच्या व्यापारी बंधूंपैकी आणि विशेषतः होतकरू तरुणांपैकी कोणावर अशी पाळी येऊ नये, म्हणून प्रस्तुत लेखात या ‘फ्रेजल व्हर्ब’ नावाच्या प्रकाराची ओळख करून देत आहोत. सोपे क्रियापद आणि त्याला जोडलेला ऑफ, अप, आऊट, डाऊन, ओव्हर यांपैकी एखादा छोटा शब्द, एवढीच त्याची बांधणी. परंतु दोघे मिळून जो अर्थ होतो, तो वेगवेगळ्या शब्दांवरून कळेलच असे नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलो. इंग्रजी पाचवीपासून. शब्दांच्या याद्या पाठ करायच्या, एका शब्दाला एक अर्थ, असा तो खाक्या होता. मराठी माध्यमातील आमचे मित्र तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तयार झाले, त्यांचे व्याकरण आमच्यापेक्षा पक्के होते. पण ‘कॉल’ म्हणजे बोलावणे आणि ‘ऑफ’ म्हणजे बंद, यातून मालाची उचल कशी निघते, हे त्यांनाही सांगता आले नसते. कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी म्हटले आहे की परक्या माणसाला सर्वांत जास्त अडचण येते ती याच जोडणीची.

आणि परके म्हणजे केवळ आपणच नव्हे. दहा-बारा वर्षांपूर्वी बार्सिलोनाच्या एका खरेदीदाराबरोबर त्याच्या पेढीतील एक तरुण चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत माल पाहायला आला होता. शिकला-सवरलेला मुलगा. बोलता बोलता म्हणाला, ‘वुई कॅननॉट टॉलरेट धिस डिले.’ आमचे भागीदार चपापले. पार्टी रागावली, असा त्यांचा समज झाला. वास्तविक त्याला इतकेच म्हणायचे होते की उशीर आम्हाला परवडत नाही. त्याच्या भाषेत सहन करण्याला ‘तोलेरार’ म्हणतात, म्हणून इंग्रजीत त्याने ‘टॉलरेट’ उचलले. इंग्रज माणूस बोलण्यात ‘पुट अप विथ’ म्हणाला असता. पुढे ढकलण्याला त्यांच्याकडे ‘पोस्पोनेर’, म्हणून तो ‘पोस्टपोन’ म्हणणार, ‘पुट ऑफ’ नाही. रद्द करण्याला ‘कान्सेलार’, म्हणून ‘कॅन्सल’. त्यामुळे त्याचे इंग्रजी कोर्टाच्या कागदासारखे वाटे. आणि आम्ही जेव्हा एका जुन्या सौद्याबद्दल ‘इट फेल थ्रू’ म्हणालो, तेव्हा काय पडले म्हणून तो जमिनीकडे पाहू लागला.

चहा होईपर्यंत आम्ही दोघांनी शब्द ताडून पाहिले. चढण्याला त्याच्याकडे ‘सुबिर’, उतरण्याला ‘बाहार’, निघण्याला ‘सालिर’, शिरण्याला ‘एन्त्रार’. प्रत्येकी एकच क्रियापद, आणि दिशा त्याच्या पोटात. आपल्या मराठी-उर्दूचेही तसेच. इंग्रज मात्र ‘गो’ किंवा ‘गेट’ हे एकच क्रियापद घेतो आणि अप, डाऊन, आऊट, इन जोडून काम भागवतो. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने जगातील भाषांची याच फरकावरून विभागणी केली आहे. त्यात स्पॅनिश एका बाजूला आणि इंग्रजी, जर्मन दुसऱ्या बाजूला पडतात. आपण याबाबतीत स्पॅनिशवाल्याच्या बाकावर बसलो आहोत.

म्हणूनच आपण परदेशी पाहुण्याला फोनवर ‘गेट डाऊन ॲट कांदिवली’ सांगतो. उतरणे म्हणजे डाऊन, असा आपला हिशेब. इंग्रज ‘गेट ऑफ’ म्हणतो. आगगाडी, बस, जहाज यांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’, तर मोटार, टॅक्सी, रिक्षा यांना ‘इन’ आणि ‘आऊट’. एकदा एस. व्ही. रोडवर आमच्या गाडीतील पाहुणा सहज म्हणाला, ‘आय विल गेट आऊट हिअर.’ आमच्या ड्रायव्हरने गेट आऊट हा शब्द फक्त शिवी म्हणून ऐकला होता. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. असो.

आता शिकायचे कसे? आमचे म्हणणे असे की यादी पाठ करू नये. आपल्या मुंबईने ही जोडक्रियापदे यादीवरून शिकली नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून गिरणगावातील निरक्षर कामगारालाही ‘ले-ऑफ’ आणि ‘लॉक-आऊट’ यांतील फरक बिनचूक माहीत होता, कारण एकात काम नसल्यामुळे तात्पुरते घरी बसवत आणि दुसऱ्यात मालक फाटकाला कुलूप लावत. १९८३ साली सरकारने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले तेव्हा ‘टेक-ओव्हर’ हा शब्दही चाळीचाळीत पोहोचला. तो संप रीतसर ‘कॉल ऑफ’ कधीच झाला नाही, असे जुने लोक सांगतात.

तसाच भिवंडी-मालेगावचा विणकर. मागावर ताण्याचे बीम सूत सोडत जाते त्या यंत्रणेला तो ‘लेट-ऑफ’ म्हणतो, आणि विणलेले कापड पुढच्या रुळावर गुंडाळले जाते तिला ‘टेक-अप’. यातच ऑफ आणि अप यांची निम्मी शिकवण आहे. ऑफ म्हणजे मूळ जागेपासून सुटणे, तुटणे, वेगळे होणे. अप म्हणजे गोळा होणे, भरत येणे, पुरे होणे. आता आमचा फॅक्स पुन्हा पाहा. सौद्यातून सहा हजार मीटर वेगळे काढून मागवले, तरी ‘ऑफ’, आणि सौदाच तोडला, तरी ‘ऑफ’. सुटण्याचा भाव दोन्हीकडे एकच आहे. काय सुटले, हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ठरवायचे. त्या फॅक्समध्ये ‘इन मार्च’ असे होते. रद्द करणारा माणूस दोन महिन्यांनंतरची तारीख कशाला देईल? तेवढ्यावरूनही आम्हाला शंका यायला हवी होती.

याहून जवळचा आधार आपल्या घरातच आहे. मराठीत आपण ‘विकला’ आणि ‘विकून टाकला’ यांत फरक करतो, उर्दूत ‘बेचा’ आणि ‘बेच डाला’ यांत करतो. हा ‘टाकणे’ बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतील ‘ऑफ’चे काम करतो. विकून टाकणे ‘सेल ऑफ’, कर्ज फेडून टाकणे ‘पे ऑफ’, कापून टाकणे ‘कट ऑफ’, झटकून टाकणे ‘शेक ऑफ’. बुडीत उधारी खात्यावरून काढून टाकणे म्हणजे ‘राइट ऑफ’. तसेच ‘काढणे’ आणि ‘आऊट’ यांची जोडी. शोधून काढणे ‘फाइंड आऊट’, माल निवडून काढणे ‘सॉर्ट आऊट’. लिहून घेणे ‘टेक डाऊन’, लिहून ठेवणे ‘नोट डाऊन’. हा हिशेब सगळीकडे चालतो असे मात्र समजू नये. नुकसान भरून काढणे याला ‘मेक अप’ म्हणतात, तेथे आऊट नाही. आणि शिंपी ‘मेक अप’ म्हणतो तेव्हा तो कापड शिवून तयार करण्याबद्दल बोलत असतो.

छोटा शब्द बदलला की व्यवहारच बदलतो, याची दोन उदाहरणे दुकानात लावून ठेवण्यासारखी आहेत. ‘सोल्ड आऊट’ म्हणजे माल हातोहात संपला. ‘सोल्ड ऑफ’ म्हणजे मिळेल त्या भावाने खपवला. आमच्याकडील एका मुलाने गिऱ्हाइकाला पहिल्याच्या जागी दुसरे लिहिले, आणि समोरून ताबडतोब भाव पाडून मागितला गेला. दुसरे उदाहरण हिशेबाचे. ‘राइट ऑफ’ केले तर रक्कम गेली. ‘राइट डाऊन’ केले तर पडून राहिलेल्या मालाची किंमत पुस्तकात कमी केली, माल शिल्लक आहे.

बँकेच्या पत्रातील ‘सेट ऑफ’ हा शब्द विशेष जपून वाचावा. पार्सल ‘सेट ऑफ’ झाले म्हणजे निघाले. ठेवीची रक्कम कर्जापोटी ‘सेट ऑफ’ करू, असे बँकेने लिहिले तर ती ठेव कर्जात वळती होणार आहे. ठेव निघाली, पाठवली, असा त्याचा अर्थ लावून कोणी निवांत बसू नये. पैसे भरण्याची ‘पे-इन’ स्लिप आपण वर्षानुवर्षे भरत आलो, तिच्यातही हाच प्रकार लपलेला आहे.

व्याकरणाचा एकच नियम सांगतो. ‘कॉल ऑफ द ऑर्डर’ आणि ‘कॉल द ऑर्डर ऑफ’ दोन्ही बरोबर. पण वस्तूचे नाव न घेता ‘इट’ म्हटले तर ते मध्येच आले पाहिजे, ‘कॉल इट ऑफ’. ‘पिक इट अप’, ‘सेंड इट बॅक’ हेही तसेच. काही जोड्या मात्र फुटत नाहीत. ‘लुक आफ्टर इट’ असेच म्हणावे लागते. हे कानाने साधते. शिवाय बोलताना जोर बहुधा छोट्या शब्दावर द्यावा. आपण तो गिळून टाकतो आणि फोनवरच्या माणसाला नेमका तोच हवा असतो.

आमच्या गाळ्यात आता फॅक्स नाही, ई-मेल आणि व्हॉट्सॲपवर काम चालते. आलेल्या पत्रातील असे जोडक्रियापद मुले संपूर्ण वाक्यासह एका जुन्या खतावणीत उतरवतात आणि समोर मराठी किंवा उर्दू अर्थ लिहितात. अर्थ दोन निघत असतील तर माल हलवण्यापूर्वी समोरच्याला विचारायचे, ही सक्त ताकीद आहे.

त्या वहीतील काही वाक्ये सरावासाठी देतो. ‘द कस्टम्स हेल्ड अप द कंटेनर.’ ‘दे टर्न्ड डाऊन अवर सॅम्पल.’ ‘प्लीज ड्रॉ अप द ॲग्रीमेंट.’ ‘वुई हॅव रन आऊट ऑफ ग्रे.’ ‘द बायर बॅक्ड आऊट.’ उत्तरे अनुक्रमे अशी : कस्टमने कंटेनर अडकवून ठेवला. आमचा नमुना त्यांनी नाकारला. करारनामा तयार करा. आमच्याकडील ग्रे कापड संपले. खरेदीदाराने माघार घेतली. सहावे वाक्य ‘वुई शॅल टेक अप द बॅलन्स इन जून’ हे आहे. त्याचा अर्थ उरलेला माल जूनमध्ये उचलू असाही होतो आणि उरलेल्या रकमेचा विषय जूनमध्ये काढू असाही होतो. आमच्या मुलाने त्याच दिवशी उलट मेल करून विचारले. उत्तर आले, माल.